फोंड्यातली भाड्याची घरं सांभाळणारी एजन्सी: गिझरच्या ५,८५० रुपयांचा अनुभव

कुर्टीतला दोन खोल्यांचा फ्लॅट या एजन्सीमार्फत मी भाड्याने घेतला, त्याला आता वर्ष होत आलं. भाडं महिन्याला १४,००० रुपये, अनामत २८,०००, आणि एजन्सीची दलाली एका महिन्याचं भाडं. घरमालक मस्कतला असतात. त्यामुळे घराची देखभाल, दुरुस्ती आणि भाड्याचा हिशोब सगळं एजन्सीकडे. पाचपैकी एक तारा देतोय. तो कशासाठी दिला ते आधी सांगतो. ठरल्या दिवशी चावी मिळाली, पोलीस ठाण्यात द्यायचा भाडेकरूचा अर्ज त्यांनीच भरून दिला आणि ११ महिन्यांच्या करारात एकही टायपिंगची चूक नव्हती. ऑफिसातली मुलगी अदबीने बोलते, फोन उचलते. एवढं चांगलं.

मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्सला आहे. गेली १४ वर्षं मोटारी, पॅनेल आणि हीटर यांच्यातच गेली. हे आत्ताच सांगतो, कारण पुढचं मी अंदाजाने लिहिलेलं नाही, मीटर लावून बघितलेलं आहे.

जुलैमध्ये आमच्याकडे दुसरं बाळंतपण झालं. सासूबाई सावंतवाडीहून आल्या. गोव्यात घर गरम ठेवायची गरज कुणालाच नसते, पण बाळंतिणीच्या घरी गरम पाणी लागतं, तेही कढत, आणि दोन वेळा. आमच्या गावी न्हाणीत भाण असतं, खाली लाकडं घातली की दिवसभर पाणी तापलेलं. फ्लॅटमध्ये सगळी भिस्त गिझरवर. बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी गिझर लावला आणि अख्ख्या घराची वीज गेली. ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, पडलेली. वर केली, गिझर लावला, पुन्हा पडली.

एजन्सीला फोन केला. त्यांचा माणूस दुसऱ्या दिवशी आला, थर्मोस्टॅट बदलला, ३५० रुपये येण्याचे म्हणून रोख घेऊन गेला. चार दिवस चाललं, पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला म्हणाला एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी नळी, गेलाय, तो बदलला. मी पाळीवर होतो, समोर नव्हतो. पुन्हा ३५०. तिसऱ्या खेपेला आला, अर्धा तास राहिला आणि त्यानंतर वीज गेली नाही. सासूबाई म्हणाल्या, "बरा माणूस हो, या वेळी नीट केलंन." मलाही तसंच वाटलं. मधल्या दिवसांत आम्ही गॅसवर टोपात पाणी तापवत होतो. एक सिलिंडर १९ दिवसांत संपला.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ईएलसीबीचं टेस्ट बटण दाबतो. कंपनीतली सवय घरीही लागली आहे. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी दाबलं आणि हॉलमधला पंखा फिरतच राहिला. पुन्हा दाबलं, तरी तेच. मुख्य स्विच बंद करून डीबीचं, म्हणजे घरातल्या स्विचांच्या मुख्य पेटीचं, झाकण काढलं. ईएलसीबी आपल्या जागी होती, पण तिच्यात येणाऱ्या वायरी काढून थेट बाहेर जाणाऱ्या वायरींना जोडल्या होत्या, वरून काळी टेप. म्हणजे गिझरमधली गळती तशीच होती, आणि ती ओळखून वीज तोडणारं उपकरण तेवढं बाजूला केलं होतं. त्या गिझरच्या पाण्याने आठ दिवस माझी बायको आणि तीन आठवड्यांचं बाळ न्हात होतं.

हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू. पहिल्यांदा गिझरचा प्लग काढला. ईएलसीबीची जोडणी पूर्ववत केली. मग दुसऱ्या दिवशी कंपनीतून परवानगी घेऊन मेगर, म्हणजे वीज कुठे गळते का ते तपासायचं मीटर, घरी आणला. एलिमेंटचं टोक आणि गिझरची बॉडी यांच्यात रोधन मोजलं. धडधाकट हीटरला ते मेगाओहममध्ये, म्हणजे दहा लाखांच्या पटीत यायला हवं. इथे आलं पाच हजार ओहमच्या आसपास. २३० व्होल्टला पाच हजारांनी भागा, ४६ मिलिअँपिअर गळती होते. घरगुती ईएलसीबी ३० मिलिअँपिअरला पडते, म्हणून ती पडत होती. ती बिघडली नव्हती, आपलं काम चोख करत होती. आमच्या घरची अर्थिंग शाबूत होती, म्हणून ती गळती जमिनीत जात राहिली आणि आम्ही वाचलो. अर्थिंगची वायर कुठे सैल असती तर काय झालं असतं, हे लिहायला बोट उचलत नाही.

एजन्सीला कळवलं की गिझर खोलतोय, तुमचा माणूस पाठवा. कोणी आलं नाही. मग इमारतीच्या सेक्रेटरींना बोलावून, त्यांच्यासमोर, फोनवर चित्रण करत खोलला. तीन आठवड्यांपूर्वी "नवीन" बसवलेल्या एलिमेंटवर क्षाराचा बोटाएवढा जाड थर होता. एका ठिकाणी तांब्याची नळी फुटून आतली पांढरी पूड दिसत होती. तीन आठवड्यांत एवढा क्षार कुठल्याही पाण्याने चढत नाही. आमच्याकडे ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राचं पाणी येतं, मे महिन्यात नळ कमी पडला की टँकर, तरीही नाही. थर्मोस्टॅट मात्र खरोखर नवा होता, ते मान्य.

टाकीतल्या मॅग्नेशियमच्या कांडीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण भाडेकरूंना नेमकं हेच माहीत नसतं आणि सगळा वाद इथेच सुटतो. साठवणीच्या गिझरमध्ये एलिमेंटच्या शेजारी मॅग्नेशियमची एक जाड कांडी असते. पाणी टाकीचा पत्रा खायला बघतं, त्याऐवजी ही कांडी आधी झिजते. ती असेपर्यंत टाकी टिकते. म्हणून वर्षा-दोन वर्षांनी ती बघायची, संपत आली तर बदलायची, खर्च काही शेकड्यांचा. आमच्या गिझरमध्ये कांडीच्या जागी फक्त आतली तार उरली होती आणि टाकीच्या तळाला गंजाचा चिखल. बॉडीवरच्या पट्टीवर बनावटीचं वर्ष २०१२, १५ लिटर, २००० वॅट. आम्ही राहायला आलो फेब्रुवारीत. जी कांडी झिजायला वर्षं लागतात ती पाच महिन्यांच्या भाडेकरूने कशी झिजवली?

पण बिल आलं ते माझ्याच नावावर. एलिमेंट १,४००, थर्मोस्टॅट ६००, सेफ्टी व्हॉल्व्ह ७५०, टाकी सफाई ९००, तीन फेऱ्यांचे १,०५०, "विद्युत दुरुस्ती" ४५०, आणि या सगळ्यावर एजन्सीचं देखरेख शुल्क ७००. एकूण ५,८५०. त्यातले फेऱ्यांचे १,०५० मी आधीच रोख दिलेले, त्याची पावती नाही. उरलेले सात दिवसांत भरा, नाहीतर अनामतीतून कापू. त्या ४५० रुपयांच्या विद्युत दुरुस्तीचा अर्थ एव्हाना तुमच्या लक्षात आला असेल.

ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबांनी कराराचं कलम दाखवलं: दैनंदिन किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी. वर म्हणाले, "केंद्र सरकारच्या कायद्यातच लिहिलंय भाऊ, गिझर भाडेकरूकडे." घरी येऊन शोधलं. २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात भाडेकरूने करायच्या कामांत गिझर दुरुस्ती खरंच आहे. नळाचे वॉशर, बेसिन, स्विच यांच्या रांगेत. पण तो नमुना आहे, राज्याने आपला कायदा केल्याशिवाय तो कुणाला लागू होत नाही. आणि त्याच कायद्यात नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळलेली आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा तर १८८२ चा, त्याच्या १०८ व्या कलमातही तेच: घेतलं तसं परत द्यायचं, वाजवी झीज सोडून. शिवाय मालकाच्या वाट्याची दुरुस्ती सांगूनही वेळेत झाली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करायची मुभा त्याच कलमात आहे. साहेबांनी परिशिष्टातली एक ओळ वाचली होती, बाकीचं पान नाही.

माझ्या मते वाटणी सोपी आहे. मोठ्या मुलीने ओढून शॉवरचा पाइप तोडला, २८० रुपयांचा नवा मी आणला, बिलही कुणाला दाखवलं नाही. ते माझं. बारा वर्षांची टाकी आतून सडली, ते मालकाचं. आणि चालू ईएलसीबी निकामी करणं हे कुणाच्याच खात्यावर टाकायचं काम नव्हे, ते करायचंच नसतं.

चूक माझीही एक झाली. घर घेताना एजन्सीच्या यादीत "गिझर १, चालू" एवढंच होतं आणि मी सही केली. त्याच दिवशी पंख्यांचे, नळांचे फोटो काढले होते, त्यात न्हाणीच्या एका फोटोत गिझरखाली गंजाचा ओघळ दिसतो. तारीख १ फेब्रुवारी. तो नसता तर मला बोलायला जागा उरली नसती. यादीवर वर्ष, क्षमता, गळती आहे का, टेस्ट बटण चालतं का, एवढं लिहून घ्यायला दहा मिनिटं लागतात. महिन्याचं भाडं दलाली घेणाऱ्याने ती दहा मिनिटं द्यायला हवीत.

मग पत्र लिहिलं. फोटो, चित्रणाचा दुवा, मेगरचे आकडे, बिलाची प्रत. एक प्रत रजिस्टर पोस्टाने एजन्सीला, एक मेलने मालकांना. मालकांचा मेल-पत्ता करारातच होता, इतके दिवस वापरायचं सुचलं नव्हतं. त्याच रात्री त्यांचा मस्कतहून फोन. पहिलं वाक्य, "म्हाका कोणेंच सांगूंक ना." गिझर बिघडल्याचंच त्यांना ठाऊक नव्हतं. देखभालीचे पैसे ते एजन्सीला दर वर्षी वेगळे देतात. बाळाची चौकशी केली, दुसऱ्या दिवशी तिस्कावरच्या दुकानात पैसे पाठवून नवा १५ लिटरचा गिझर घेतला, संध्याकाळपर्यंत बसला. २७ अंशांचं पाणी ६० वर न्यायला २००० वॅटला सतरा-अठरा मिनिटं लागायला हवीत. लावून बघितलं, एकोणीस लागली. सासूबाईंनी घंगाळभर कढत पाणी काढलं आणि त्या दिवशी बायकोला मनासारखं न्हाऊ घातलं.

एजन्सीने दहा दिवसांनी बिल मागे घेतलं. एका ओळीचा मेल, "सदर बिल रद्द समजावे." रोख दिलेले १,०५० मालकांनी सप्टेंबरच्या भाड्यातून वळते केले. म्हणजे खिशातून माझं काही गेलं नाही. पण माझ्या पत्रातला पहिलाच मुद्दा होता की वायरी कुणी जोडल्या आणि तो माणूस आणखी कुठल्या घरांत गेलाय, त्याचं उत्तर त्या मेलमध्ये नव्हतं. दोनदा ऑफिसात विचारलं. "बघतो" म्हणाले.

आमच्याच इमारतीत या एजन्सीचे आणखी दोन फ्लॅट आहेत. तिसऱ्या मजल्यावरचा बंद आहे. पहिल्या मजल्यावर दोघं म्हातारी माणसं राहतात, मुलगा बंगळुरूला. सेक्रेटरींना घेऊन गेलो. काकू म्हणाल्या, हो, एप्रिलमध्ये वीज जात होती, एजन्सीच्या माणसाने येऊन केलं, तेव्हापासून त्रास नाही. मी स्टुलावर चढून टेस्ट बटण दाबलं. काकांच्या डोक्यावरचा पंखा फिरतच राहिला.

गिझरचा प्लग काढला, त्यावर चिठ्ठी चिकटवली आणि मुलाला फोन लावून दिला.