स्विमिंग पूलला आतून काचेच्या टाइल्स: १६ महिने वापरल्यानंतर

सातव्या महिन्यात एका सकाळी पूलमध्ये उतरताना दुसऱ्या पायरीवर पायाखाली काहीतरी सरकलं. खाली हात घातला तर पोस्टकार्डाएवढा निळ्या टाइल्सचा तुकडा हातात आला. पलटून पाहिला. मागची जाळी, जिच्यावर छोट्या टाइल्स चिकटवून त्यांची एक शीट बनते, भिजलेल्या कागदासारखी लिबलिबीत झाली होती, नखाने ओढली की सुटत होती. ॲडहेसिव्हच्या, म्हणजे टाइल चिकटवायच्या लेपाच्या, फक्त तीन रेघा होत्या, दातेरी थापीने ओढलेल्या, तशाच्या तशा. दोन रेघांच्या मधली काच कोरी. म्हणजे तो तुकडा सात महिने तीन पट्ट्यांच्या आधारावर टिकून होता.

त्याच्या आदल्या दिवशी मी हे लिहायला बसले असते तर निव्वळ कौतुक लिहिलं असतं, आणि ते खोटं नसतं. आमचा पूल ८ बाय ४ मीटर, सरासरी खोली १.३ मीटर. आधी आत प्लास्टर होतं. मुलांचे तळपाय खरचटायचे, कोपऱ्यात शेवाळ धरायचं, डाग पडायचे. काच पाणी पीतच नाही, त्यामुळे तिच्या पृष्ठभागात डाग मुरत नाही. शेवाळ आलंच तर ब्रशच्या एका हाताने निघतं. सकाळचं ऊन तिरपं पडलं की तळ हलतोय असं वाटतं, हे मात्र फोटोत कधीच नीट येत नाही. निवडताना टाइल ओली करून बघा. कोरडी पाहिलेली निळी आणि पाण्याखालची निळी यांत एक-दोन छटांचा फरक पडतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहितेय ती म्हणजे ग्राउट, टाइल्सच्या मधल्या सांध्यांत भरतात ते मिश्रण. काच निवडायला आम्ही तीन आठवडे घेतले आणि ग्राउट पाच मिनिटांत ठरवलं. आमची टाइल २० मिलिमीटरची, सांधा २ मिलिमीटरचा. तुकडा निघाल्यावर मी रात्री वही घेऊन बसले. एका चौरस मीटरला दोन हजारांहून थोड्या जास्त टाइल्स आणि सुमारे ९१ मीटर लांबीचे सांधे. आमच्या भिंती आणि तळ मिळून ६३ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पावणेसहा किलोमीटर सांधे. क्षेत्रफळाच्या हिशेबाने आतल्या पृष्ठभागाचा सहावा हिस्सा काच नाहीच, ग्राउट आहे! आणि मी पैसे वाचवायला नेमकं तिथेच साधं सिमेंटचं ग्राउट घेतलं. इपॉक्सी, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनचं ग्राउट, कितीतरी पट महाग होतं, म्हणून पुढचा विचारच केला नाही.

पाचव्या महिन्यापासून तळाशी बारीक वाळूसारखं काहीतरी पायाला लागत होतं. मी समजले बाहेरची माती आत येतेय. ते ग्राउट होतं.

कंत्राटदाराला बोलावलं. आल्या आल्या त्याचं पहिलं वाक्य, "ताई, तुम्ही केमिकल जास्त टाकता." मी चिडले. दर दोन दिवसांनी पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे याचं माप) तपासून वहीत लिहिणारी मी, सगळे आकडे ७.२ ते ७.६ च्या मध्ये. ती वही आणि तो निघालेला तुकडा दोन्ही त्याच्यासमोर ठेवले. तुकडा पाहून तो गप्प झाला. काच अर्धपारदर्शक असते, तिच्या मागे ॲडहेसिव्ह पांढरं लागतं आणि त्याच्या रेघा आधी सपाट करून मग शीट दाबावी लागते. तसं केलं नाही तर मागे पोकळ्या राहतात, त्यांत पाणी साचतं आणि पुढून काळसर ढग दिसतात. आमच्या उत्तरेकडच्या भिंतीवर तसे दोन ढग पहिल्या महिन्यापासून होते. तेव्हा त्याने "वाळल्यावर जाईल" असं सांगितलं होतं आणि मी विश्वास ठेवला होता. शिवाय ॲडहेसिव्हच्या पिशवीवर पाणी भरण्यापूर्वी २१ दिवस थांबा असं स्पष्ट छापलेलं असताना त्याने दहाव्या दिवशी पाणी सोडायला लावलं होतं. पिशवी मी जपून ठेवली होती. तीही दाखवली.

तेव्हा मला वाटलं, दोष सगळा त्याचा. तीन आठवडे याच मतावर ठाम होते, फोनवर भांडलेही.

मग पाण्याची पूर्ण तपासणी करून घेतली. पीएच ७.४, उत्तम. पण कॅल्शियम हार्डनेस, म्हणजे पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम, ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०), जो २०० ते ४०० असायला हवा, आणि अल्कलिनिटी, म्हणजे पीएच स्थिर ठेवायची पाण्याची क्षमता, ४०, जी ८० ते १२० हवी. माझ्या किटमध्ये फक्त क्लोरीन आणि पीएच होते, त्यामुळे हे दोन आकडे मी कधी पाहिलेच नव्हते. कॅल्शियमची भूक असलेलं पाणी ते जिथून मिळेल तिथून घेतं, आणि आमच्या पूलमध्ये ते मिळण्याची एकच जागा होती, पावणेसहा किलोमीटर सिमेंट. त्यात मी क्लोरीनसाठी ट्रायक्लोरच्या गोळ्या तरंगत्या डब्यात टाकायची. त्या गोळ्या चांगल्याच आम्लधर्मी असतात. पंपाच्या प्रवाहाने तो डबा रोज सरकत पायऱ्यांच्या कोपऱ्यात जाऊन अडकायचा, आणि मी पीएचसाठी पाणी घ्यायची ते समोरच्या टोकाकडून. ग्राउट सर्वांत जास्त झिजलं होतं ते त्याच कोपऱ्यात. तिथे सांध्यात नख अर्धं आत जायचं.

म्हणजे टाइल सुटली त्याच्या कामामुळे आणि ग्राउट गेलं माझ्या पाण्यामुळे. हे मी त्याला फोन करून सांगितलं. त्यानंतर दुरुस्तीची मजुरी त्याने घेतली नाही, सामान मी आणलं.

दुरुस्तीत ४१ हजार लिटर पाणी काढावं लागलं, याची हळहळ अजून जात नाही. (रिकामा करण्याआधी जमिनीतल्या पाण्याची पातळी बघा. खालून दाब आला तर रिकामी टाकी वर उचलली जाऊ शकते.) पायऱ्यांवरच्या आणि ढगवाल्या भागातल्या शीट काढून नव्या बसवल्या, या वेळी जाळीवाल्या नाही, पुढून कागद चिकटवलेल्या. कागद पुढे असला की काचेची पूर्ण पाठ ॲडहेसिव्हला टेकते. पायऱ्या आणि पाण्याच्या रेषेला इपॉक्सी ग्राउट, बाकी ठिकाणी सांधे खरवडून पुन्हा सिमेंटचं. सगळीकडे इपॉक्सी परवडलं नाही. इपॉक्सीचा हात वेगळाच असतो. थोडंच कालवायचं, भरलं की लगेच पुसायचं, नाहीतर काचेवर धुरकट पापुद्रा बसतो. भिंत आणि तळ मिळतात तिथे ग्राउट न भरता लवचीक सीलंट भरलं, कारण तिथे हालचाल होते. पहिल्या वेळी तिथेही ग्राउटच होतं आणि तिथे केसासारखी भेग गेली होती. नंतर पूर्ण २१ दिवस थांबलो. मुलं रोज विचारायची, मी रोज नाही म्हणायची.

आता इतर गोष्टी. पायरीवर काच निसरडी होते अशी भीती होती, पण छोट्या टाइलमुळे सांधे इतके असतात की पाय धरला जातो. मोठ्या आकाराची काच पायरीला मी लावली नसती. कापलेल्या टाइलच्या कडा मात्र स्वतः हात फिरवून तपासा. आमच्याकडे एका कडेने मुलीचा अंगठा कापला, मग ती कड घासून घेतली.

दुरुस्तीनंतर मी कॅल्शियम वाढवलं आणि घाईत पीएच ७.९ वर गेला. दहा दिवसांत पाण्याच्या रेषेवर पांढरी कड आली, गडद निळ्यावर लांबून दिसणारी. पातळ व्हिनेगर आणि मऊ कापडाने निघाली. ते करता आलं कारण तिथे आता इपॉक्सी आहे, सिमेंटच्या ग्राउटवर आम्ल लावायचं नाही. खरखरीत दगड किंवा लोखंडी घासणी काचेला कधीही लावू नका, ओरखडे कायमचे राहतात.

पुन्हा पूल बांधला तर काचच घेईन. टाइल थोडी साध्या दर्जाची घेईन आणि वाचलेल्या पैशांत पूर्ण पूलला इपॉक्सी भरेन.

तो तुकडा निघाल्याला आता नऊ महिने झाले. दर रविवारी पायऱ्यांच्या कोपऱ्यात सांध्यावर नख फिरवते, अजून कुठे अडकलेलं नाही. गोळ्यांचा डबा मधोमध दोरीने बांधलाय. पाण्याखालच्या दिव्याच्या कडेच्या ११ टाइल्स बोटाने ठोकल्या की पोकळ वाजतात, त्यांच्यावर लक्ष आहे. सुरुवातीला त्याच बॅचच्या जादा शीट ठेवून घेतल्या होत्या, कारण पुढच्या बॅचचा निळा जुळेलच असं नसतं. त्यांतली अर्धी शीट शिल्लक आहे, आणि ती मी त्या अकरांसाठी राखून ठेवली आहे.