अमोनाइट-प्रतिकृतींचा संच: घडण चोख, लेबलांवर विसंबू नये

फोंड्यातील आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेसाठी बारा अमोनाइटांच्या, म्हणजे गुंडाळलेल्या शंखाच्या नामशेष समुद्री प्राण्यांच्या जीवाश्मांच्या, रेझिन-प्रतिकृतींचा हा संच ऑनलाइन मागवला. गोव्याच्या अतिप्राचीन, रूपांतरित खडकांत अमोनाइट सापडत नाहीत, त्यामुळे मुलांच्या हाती काही द्यायचे तर प्रतिकृतींवाचून इलाज नाही. घडण चोख आहे. शंखावरील फासळ्या बोटाला स्पष्ट जाणवतात. खोकाही भक्कम.

तक्रार लेबलांबद्दल आहे. चौथा नमुना तळहाताएवढा आणि साध्या तोंडाचा. पाचवा लिंबाएवढा, तोंडाच्या दोन्ही बाजूंना जिभेसारखे भाग पुढे आलेला. दोघांच्या शंखाचे आतले वेढे मात्र हुबेहूब सारखे, तरीही लेबलांवर दोन वेगळ्या प्रजातींची नावे छापली आहेत. अशा लहानमोठ्या जोड्या एकाच थरात पुन्हापुन्हा सापडतात, हे लक्षात घेऊन जीवाश्मशास्त्रज्ञ माकोव्स्की आणि कॅलोमन यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी त्या एकाच प्रजातीच्या नर-माद्या असाव्यात, असे मांडले. माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही.

आपसांत प्रजनन होते की नाही, ही जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये मांडलेली प्रजाती ओळखण्याची कसोटी दगडाला लावता येत नाही. उरतो तो आकार, आणि एका नमुन्यावरून आकाराची मर्यादा कळत नाही. बाजारातून आणलेल्या तिसऱ्यांच्या (खाण्याच्या शिंपल्यांच्या) एकाच वाट्यातील शिंपले मी मुलांपुढे मांडले, तेव्हा रंग आणि रेघा पाहून त्यांनी लगेच तीन-चार ‘प्रजाती’ पाडल्या. जीवाश्मांत तर रंग बहुधा उरतही नाही. त्यात काळाची भर पडते. जीवाश्मशास्त्रज्ञ ब्रिंकमान यांनी इंग्लंडमधील पीटरबरोच्या चिकणमातीतून थरागणिक गोळा केलेल्या हजारो कॉस्मोसेरास अमोनाइटांचा अभ्यास १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. अशा सलग मालिकेत एक प्रजाती संपून दुसरी कोठे सुरू झाली, ती रेघ बऱ्याचदा अभ्यासकालाच ओढावी लागते.

बारा प्रजातींचा एकेक नमुना देण्याऐवजी विक्रेत्याने एकाच प्रजातीचे लहान, मोठे, जाड, बारीक असे सहा नमुने दिले असते, तर त्याच किमतीत संच दुप्पट उपयोगी ठरला असता. शाळांनी तो अवश्य घ्यावा. मात्र लेबले आधी काढून ठेवावीत आणि मुलांनी स्वतः गट पाडल्यावरच दाखवावीत. पाचपैकी साडेतीन तारे.