चालू सर्व्हरचा प्रोसेसर: गुरुवारची वाट पाहायची की दुसरं मशीन घ्यायचं?

पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या, तीन पाळ्यांत चालणाऱ्या आणि गुरुवारी सुट्टी असणाऱ्या कारखान्यांतून मला हे हमखास विचारलं जातं: सर्व्हर बंद न करता प्रोसेसर बदलता येतो का? येतो, पण तुमच्या रॅकमधल्या मशीनमध्ये बहुधा नाही.

कारण साधं आहे. आजच्या सर्व्हरमध्ये मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण करणारा भाग, प्रोसेसरच्या पोटातच असतो. शेजारच्या रॅमच्या पट्ट्या, मागचे काही पीसीआय स्लॉट (जादा कार्डं बसवायच्या खाचा), सगळं त्याच्याच जिवावर चालतं. तो उचलला की तेही गेलं. शिवाय इंटेलच्या सॉकेटमध्ये हजारांवर बारीक पिना असतात. एक वाकली की अनेकदा मदरबोर्डच बदलावा लागतो. हे काम वीज चालू असताना करायचंच नाही.

प्रोसेसर खरोखर चालू मशीनमधून काढता येणारी यंत्रं वेगळीच. सन मायक्रोसिस्टिम्सच्या 1997 च्या एंटरप्राइझ 10000 सर्व्हरमध्ये प्रोसेसर आणि मेमरीचा अख्खा बोर्ड रिकामा करून बाहेर काढता यायचा. आयबीएमच्या झेड मेनफ्रेममध्ये, म्हणजे बँका वापरतात त्या मोठ्या संगणकांत, राखीव कोअर (प्रोसेसरमधली स्वतंत्रपणे काम करणारी एककं) असतात. एक बिघडला की राखीव त्याचं काम उचलतो. बँकेला हे परवडतं. पन्नास-साठ जणांच्या ईआरपीसाठी (कारखान्याचा हिशेब-साठा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) मी सुचवणार नाही.

लिनक्सचा उपाय फुकट आहे आणि तो पुरेसा वापरला जात नाही, याचं मला वाईट वाटतं. एका कारखान्यात लॉगमध्ये एकाच कोअरच्या, हार्डवेअरने आपोआप दुरुस्त केलेल्या चुका सारख्या येत होत्या. लिनक्समध्ये त्या कोअरच्या 'ऑनलाइन' फाइलमध्ये 0 लिहिला, म्हणजे तो कोअर ऑफलाइन केला. त्यावरची कामं शेजारच्या कोअरवर गेली, इंटरप्टही (उपकरणांकडून प्रोसेसरला येणारे इशारे) सरकले आणि तिसऱ्या पाळीची मालाची चलनं छापली जात राहिली. प्रोसेसर बदलला तो गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीत. मात्र याने फक्त कोअर बाजूला बसतो, चिप जागीच राहते. बिघाड सगळ्या कोअरच्या सामायिक कॅशेत (प्रोसेसरमधल्या छोट्या वेगवान मेमरीत) किंवा मेमरी कंट्रोलरमध्ये असेल तर उपयोग नाही. इंटेल-एएमडीवर शून्य क्रमांकाचा कोअर तर सहसा बंदच होत नाही.

व्हर्च्युअल मशीनला (सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकाला) चालू असताना सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, वाढवून देणं हा बदल नव्हे, भर आहे. अशी मशीनं चालवणाऱ्या व्हीएमवेअर सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आधी व्हर्च्युअल मशीन बंद करून सुरू करावी लागते.

उरतो माझ्या पसंतीचा मार्ग: दोन सर्व्हर आणि लाइव्ह मायग्रेशन, म्हणजे चालू व्हर्च्युअल मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवणं. व्हीएमवेअरची ही सोय, व्हीमोशन, 2003 पासून आहे. लिनक्सच्या केव्हीएम आणि मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीतही हे जमतं. मेमरी पलीकडे कॉपी होते, दरम्यान बदललेली मेमरीची पानं (तुकडे) पुन्हा जातात, शेवटी क्षणभर थांबून मशीन पलीकडून चालू लागतं. मग रिकामा सर्व्हर निवांत बंद करा आणि प्रोसेसर बदला. बंद पडू नये ते काम. लोखंड बंद पडलं तर बिघडलं कुठे?

फक्त दोन्ही सर्व्हर एकाच कंपनीच्या प्रोसेसरचे घ्या. इंटेलवरून एएमडीवर चालू मशीन जात नाही. पिढ्या वेगळ्या असतील तर व्हीएमवेअरच्या ईव्हीसीसारखी सोय (नव्या प्रोसेसरला जुन्याइतक्याच क्षमता दाखवायला लावणारी) आधीच लावून ठेवा. आणि प्रत्येकात दोघांचा भार पेलेल इतकी रॅम हवी. इथेच लोक काटकसर करतात आणि ऐन वेळी अडकतात.

आठवड्यात एक सुट्टी नक्की मिळत असेल, तर दुसरा सर्व्हर घेऊ नका. कोअर ऑफलाइन करा आणि गुरुवारी बदला. त्या दिवशी महावितरणची देखभालीची कामंही निघतात, म्हणून झाकण उघडण्याआधी वीज कधी जाणार ते विचारून घ्या.