घर बघायला जाताना: लुओपान न्यायचा की सेन्सर?

हाँगकाँगमध्ये भाड्याचा फ्लॅट बघायचाय. सोबत फेंगशुईचा सिफू, म्हणजे जाणकार गुरू, त्याच्या लुओपान नावाच्या होकायंत्रासकट न्यायचा, की पिशवीत मावतील एवढी दोन-तीन मोजणारी यंत्रं, म्हणजे मीटर? मी दोन्ही नेईन, पण वेगवेगळ्या वेळी.

आधी दिशा. सिफूच्या लुओपानात मधोमध चुंबकसुई आणि भोवती कडीच कडी. त्यातल्या एका कड्यात २४ 'पर्वत', म्हणजे दिशांचे भाग, प्रत्येक १५ अंशांचा. फोनमधला मॅग्नेटोमीटर (चुंबकक्षेत्र मोजणारा सेन्सर) हेच फुकटात सांगतो. पण फ्लॅटच्या लोखंडी जाळीच्या दाराशी उभं राहून बघा. एक पाऊल पुढे-मागे झालात की आकडा भरकटतो आणि अख्खा पर्वत बदलू शकतो. लुओपानची सुईही तिथे थरथरते. सिफू म्हणतो, जागेत दोष आहे. फोनवर चुंबकक्षेत्राचे मायक्रोटेस्ला चढलेले दिसतात, म्हणजे जवळ पोलाद आहे. इथे मी फोनच्या बाजूने.

खरी गंमत वाऱ्याची. फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. गुओ पू या प्राचीन चिनी विद्वानाच्या नावावर चालत आलेला जुना दफनग्रंथ सांगतो की 'ची', म्हणजे प्राणशक्ती, वाऱ्यावर स्वार झाली की विखुरते, पाण्याशी थांबते. म्हणून मुख्य दारासमोर थेट बाल्कनी असली की सिफू मध्ये पडदा किंवा कपाट सुचवतो. बीजिंगच्या जानेवारीत हे चोख आहे. तिथल्या जुन्या चौसोपी घरांचं दार आग्नेय कोपऱ्यात, आत शिरताच आडवी भिंत. उत्तरेचा बोचरा वारा आत येणार कुठून? हाँगकाँगच्या दमट जुलैत मात्र तेच कपाट तुम्हाला घामाने भिजवेल. हवा किती कोंडली ते कार्बन डायऑक्साइडवरून कळतं. बाहेर तो साधारण ४२० पीपीएम (दहा लाखांत ४२० भाग) असतो. दोघं झोपलेली बंद खोली सकाळपर्यंत १५०० सहज ओलांडते. कपाट लावण्याआधी एक रात्र त्याचा मीटर ठेवा आणि मग ठरवा. २००३ च्या सार्सच्या साथीनंतर या शहराने मोठ्या बांधकामांसाठी हवेच्या वहनाची तपासणीच सुरू केली, ती उगाच नाही.

उन्हाच्या बाबतीत सिफूचं पारडं भारी. बीजिंगला हिवाळ्यात सर्वांत लहान दिवशी भर दुपारीही सूर्य जेमतेम २६ अंश वर येतो, त्यामुळे दक्षिणमुखी खोलीत ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत पोचतं. हे कळायला प्रकाश मोजणारा लक्समीटर लागत नाही. (आपल्याकडे दक्षिणमुखी म्हटलं की गिऱ्हाईक पळतं!)

शिवाय मीटरला वेळ लागतो. एजंट पंधरा मिनिटं देतो. तेवढ्यात डोंगर, रस्ता, समोरची इमारत बघायला जुनी नजरच कामाची. राहायला गेल्यावर कार्बन डायऑक्साइडचा मीटर घ्या, फक्त डब्यावर 'एनडीआयआर' (अवरक्त प्रकाशाने वायू मोजणारा) लिहिलंय ना ते बघा. 'ईसीओटू' लिहिलेला स्वस्तातला मीटर कार्बन डायऑक्साइड मोजत नाही, दुसऱ्या वायूंवरून अंदाज बांधतो. फोडणी दिली तरी घाबरतो.