गुडघ्याच्या ऑपरेशननंतर स्कीइंग: याच हिवाळ्यात की पुढच्या?

जुलैत एसीएलचं, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणाऱ्या आतल्या लिगामेंटचं (हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याचं) ऑपरेशन झालंय, फेब्रुवारीत ग्रुप गुलमर्गला निघालाय, आणि गुडघा तर दुखत नाही. जावं की वर्षभर थांबावं? मी दोन्ही करून बसलोय. एकदा सातव्या महिन्यात गेलो, नंतर एकोणिसाव्या महिन्यात. डॉक्टर नाही, त्यामुळे माझं ऐकून आपल्या सर्जनला डावलू नका.

सातव्या महिन्याची गंमत अशी की तोवर सगळं छान चाललेलं असतं. शिवाजी पार्कला दोन-तीन फेऱ्या आरामात होतात, ऑफिसात लोक विचारायचे थांबलेले असतात. आमच्या फिजिओने ‘हलकं जॉगिंग करा’ म्हटलं, ते मी ‘खेळायला हरकत नाही’ असं ऐकलं. तिकिटं आधीच काढलेली असली की कान असेच होतात. तेव्हा विचारताना ‘खेळू का?’ असं मोघम विचारू नका, ‘बर्फावर स्की लावू का?’ असंच विचारा.

आत मात्र वेगळं चाललेलं असतं. मांडीच्या मागून काढून गुडघ्यात बसवलेली दोरी आधी कमकुवत होते, मग तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि ती हळूहळू लिगामेंटसारखी होत जाते. या कामाला वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतं, आणि दुखणं-न दुखणं यावरून ते कळत नाही. ऑस्लो आणि डेलावेअरच्या संशोधकांचा २०१६चा एक अभ्यास आहे. त्यात खेळात परतायला नवव्या महिन्यापर्यंत जो जो महिना उशीर केला, त्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण सुमारे निम्म्याने घटलं. आणि नऊ महिने झाले म्हणजे सुटलो, असंही नाही. अमेरिकेची ऑलिंपिक विजेती स्कीपटू लिंडसी वॉन फेब्रुवारी २०१३ मध्ये पडली, नोव्हेंबरमध्ये सरावात त्याच गुडघ्याला पुन्हा इजा झाली आणि सोचीचं ऑलिंपिक गेलं. तिच्या दिमतीला जगातले फिजिओ होते, आपल्या दिमतीला दादरचा जिना.

पण माझा निर्णय अभ्यासाने झाला नाही, ब्रेसने, म्हणजे गुडघ्याला बांधायच्या आधारपट्ट्याने झाला. बिजागरीचा, चार पट्ट्यांचा, बऱ्यापैकी महाग ब्रेस घेतला होता. घरी हॉलमध्ये घालून उठाबशा काढल्या, जागचा हलला नाही. गुलमर्गच्या कोंगडोरीच्या उतारावर पहिल्या दहा मिनिटांत तो वितभर खाली आला. बिजागरी गुडघ्याऐवजी पोटरीवर, आणि खालची दांडी स्की बूटच्या काठावर टकटक आपटतेय. थांबा, हातमोजे काढा, पँटची बाजूची चेन उघडा, ब्रेस वर ओढा. तोवर वेल्क्रोत बर्फ भरलेला, ते चिकटायला तयार नाही. बोटं बधिर. पहिल्यांदा सगळे थांबले, दुसऱ्यांदा दोघे थांबले, तिसऱ्यांदा फक्त इन्स्ट्रक्टर. तो म्हणाला, “जनाब, या तो पट्टा ढीला है, या टांग पतली है.” मला राग आला.

रात्री हॉटेलवर बायकोच्या शिवणाच्या डबीतली टेप घेतली. गुडघ्याच्या वाटीपासून वितभर वर, दोन्ही मांड्या मोजल्या. चांगली ४७ सेंटिमीटर, ऑपरेशनची साडेचव्वेचाळीस. ती शांतपणे म्हणाली, “अहो, पट्टा बरोबर आहे. मांडीच नाहीये.” त्याला धरायला स्नायूच नव्हता, तर तो खाली येणारच.

त्यातून दुसरी भानगड. गुडघ्यावर विश्वास नसला की माणूस नकळत मागे रेलून, बूड टेकल्यासारखा स्की करतो. तोल मागे जाऊन पडताना एसीएल तुटतं ते बऱ्याचदा याच अवतारात. आणि बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग सुटेल या भरवशावर राहू नका. नेहमीचं बाइंडिंग मुख्यतः नडगीचं हाड वाचवायला बनवलेलं असतं. पाय पिळवटला किंवा माणूस पुढे फेकला गेला तर ते उघडतं, मागे पडताना उघडेलच असं नाही. सेटिंग फार सैल करून घेतलं तर भलत्याच वळणावर स्की निसटते, ते आणखी वाईट. दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्की परत करून टाकली. काही तुटलं नाही, हे नशीब. उरलेले दिवस कहवा.

मधला मार्ग म्हणून बेबी स्लोप सुचवतात. मला तो जास्त धोक्याचा वाटला. तिथे सगळेच नवशिके, अंगावर कोण येईल सांगता येत नाही, शिवाय स्लेजवाले मध्ये.

थांबण्यातही फार सुख नाही, हे कबूल करतो. मार्चपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत एका पायाने स्टुलावरून उठणं, पायरीवरून सावकाश उतरणं, तेच ते. पावसाळ्यात जिमला दांड्या पडतात. आणि व्यायामाशिवाय नुसतं कॅलेंडर उलटलं तर पुढच्या वर्षीही तीच बारीक मांडी घेऊन जाल, मग थांबून काय मिळवलं? चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के ताकद आणि एका पायावरच्या उड्या, या दोन्हींवर फिजिओ अडून बसतात ते उगाच नाही. माझी घरगुती कसोटी दादरच्या पुलाची होती. चढताना सगळेच बरे असतात. संध्याकाळच्या गर्दीत कठडा न धरता, पायाआड पाय टाकत उतरता आलं तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं. ते ऑक्टोबरात, म्हणजे पंधराव्या महिन्यात.

दुसऱ्या खेपेला तोच ब्रेस, तेच कोंगडोरी, आणि तो जागचा हलला नाही. तिसऱ्या दिवशी खोलीवरच विसरलो, दुपारी लक्षात आलं.

तुमचं नुसतं मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली कुर्चेची गादी, ऑपरेशनमध्ये थोडं कापलं असेल तर हिशोब बराच वेगळा आणि लवकरचा, तो सर्जनलाच विचारा. एसीएल असेल, सातवा-आठवा महिना असेल, तर जायचंच नाही असं मी कसं म्हणू, मीही गेलोच होतो. फक्त तिकीट काढण्याआधी शिंप्याची टेप घेऊन दोन्ही मांड्या मोजा, आणि प्रवासविम्यात साहसी खेळ आणि जुनी दुखापत याबद्दल काय लिहिलंय ते बघा. फरक बोटभर असेल तर मी तरी या वर्षी ग्रुपला फोटो पाठवायला सांगेन.

ब्रेस कपाटात पडून आहे. डावा पाय, मध्यम माप, वेल्क्रो अजून ठीक. कोणाला हवा असेल तर घेऊन जा.