मोहल्ला सफाईचं सामान घ्यायचंय? नागपूरच्या इतवारीतलं हे बारदान्याचं दुकान बघा (५ पैकी ४)

आमच्या लेआउटमध्ये रविवारी सफाई ठेवली होती. मानेवाडा-बेसा साइडला राहणाऱ्यांना सांगायची गरज नाही, दोन खाली प्लॉट, मालक पुण्यात नाहीतर अमेरिकेत, प्लॉटवर कमरेएवढं गाजरगवत अन् त्या गवतात अख्ख्या गल्लीच्या पन्न्या, म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या. सामान आणायचं काम माझ्याकडे आलं म्हणून इतवारीत गेलो. दुकानाचा बोर्ड खराट्यांच्या मागे झाकलेला आहे, नाव शोधत बसू नका, शहीद चौकातून आत शिरून कोणालाही बारदानेवाला विचारा.

काउंटरवरच्या काकांना ग्रुपवर बनलेली यादी दाखवली, तिच्यात खराटेच खराटे. त्यांनी माल काढायच्या आधी विचारलं, कचरा कसला हाय, मलबा हाय का, अन् भरल्यावर नेणार कोण? "झाडाले सारे येतात भाऊ, फोटोही काढतात, उचलाले कोणी नाही येत." असं म्हणून खराटे निम्मे केले आणि चुंगड्या (पोती) डबल, वर दोन दाताळी, फावडी, घमेली. माल खपवायचं सोडून कमी करणारा दुकानदार मी तरी पहिल्यांदाच बघितला. आणि बरोबरच होतं ते, खाली प्लॉटवर झाडायला असतं काय, पन्नी मातीत रुतलेली असते, ती दाताळ्याने ओढून काढावी लागते, खराटा तिथे नुसता वरून फिरतो.

चुंगड्यांबद्दल नीट सांगतो कारण खरी मजा तिथेच आहे. तागाच्या आणि प्लास्टिकच्या विणलेल्या, दोन्ही वापरलेल्या मिळतात, नव्या घ्यायची काही गरज नाही. नालीचा गाळ असेल तर प्लास्टिकच्या घ्या, तागाची पाणी पिते आणि उचलताना कंबर जाते, आणि कुठलीही असो, गाळ अर्धीच भरा. काकांनी दोन रंगांच्या नाड्या पण दिल्या, ओल्याला हिरवी सुक्याला निळी, वेगळं करायचा नियम २०१६ पासून आहेच पण गाडी दारात उभी राहिली की सगळ्यांना आठवतो. विटा-सिमेंटचा मलबा रोजच्या कचरा गाडीत घेत नाहीत, त्याचा ट्रॅक्टर आधीच बोलून ठेवा नाहीतर प्लॉटवरचा ढीग रोडवर येतो एवढंच.

ग्लोव्हज सुती, तळव्याला रबर लावलेले मिळाले, एक नंबर. पातळ पारदर्शक वाले घेऊच नका, पहिल्या काचेलाच फाटतात. गाजरगवताला तर उघडा हात लावायचाच नाही, काही लोकांना अशी खाज सुटते की डॉक्टरकडे जावं लागतं, आणि फुलं यायच्या आत मुळासकट उपटा, पाऊस पडून गेल्यावर सोपं जातं, एका झाडाला हजारो बिया धरतात बाप्पा. फुटक्या काचा चुंगडीत नाही, जुन्या पेंटच्या डब्यात टाका, खांद्यावर चुंगडी घेणाऱ्या पोट्ट्याचा विचार करा.

एक स्टार काऊन कापला ते सांगतो. काका जेवायला गेले तेव्हा हाताखालच्या पोराने ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड एकाच पिशवीत भरून दिलं. हे दोन एकत्र झाले की क्लोरीन गॅस निघतो, दुकानात बसणाऱ्याला एवढं माहीत पाहिजे. मी ॲसिड परतच केलं. पावडर पण फोडून बघून घ्या, गोळे झाले असतील अन् नाकाला झोंबत नसेल तर ती जुनी आहे. तसंही रोडच्या कडेला पांढऱ्या रेघा मारून डास मरत नाहीत, ती मंत्री येणार असले की करायची सजावट आहे, त्यापेक्षा टायर अन् नारळाच्या कवट्यांमधलं पाणी सांडा.

भाव ठीक आहेत, चुंगड्यांवर घासाघीस चालते, खराट्यांवर नाही. न वापरलेल्या चुंगड्या परत घेतल्या, कटकट न करता. पक्कं बिल दोनदा मागावं लागलं, वर्गणीचा हिशोब द्यायचा असेल तर सोडू नका. सकाळी जा, दुपारनंतर गाडी लावायला जागा नाही, आणि तान्ह्या पोळ्याच्या (पोळ्याच्या दुसऱ्या) दिवशी तर अजिबात नको, मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत खराट्यांचा गठ्ठा घेऊन अडकाल. गमबूट ठेवतात पण साइज दोनच, ते दुसरीकडे बघा.