छोट्या ट्रॅक्टरच्या रिमला काय लावावं: पावडर कोटिंग, पीयू की साधा ऑइलपेंट?

बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरचं बॉनेट रंगवून झालं की उरलेला रंग चाकांनाही मारावा असं वाटतं. माझ्या मते तिथेच थोडं थांबावं. बॉनेटला ऊन-पाऊस सोसला की पुरे. रिमवर मात्र ओलं गवत चिकटून कुजतं, खताचे दाणे कडेच्या वळणात अडकून तिथेच विरघळतात, खडीवरून जाताना दगड उडतात आणि टाकीत भरताना सांडलेलं पेट्रोल बऱ्याचदा चाकावरूनच ओघळतं. शिवाय पंक्चर झालं की टामीचा दाब येतो तो नेमका रिमच्या कडेवर. रंग निवडताना मी आता सगळ्यांत आधी त्या कडेचा विचार करतो.

स्प्रेचा साधा डबा मी यात धरलेलाच नाही. हार्डनर (रंग कडक करणारं द्रव्य) न मिसळलेला तो पातळ थर चार दिवस छान दिसतो, पण त्यातल्या बऱ्याच रंगांना पेट्रोल लागलं की ते मऊ पडतात. खरी निवड उरते ती पावडर कोटिंग, पीयू (म्हणजे पॉलीयुरेथेन, हार्डनर मिसळून लावायचा रंग) आणि ऑइलपेंट या तिघांत, आणि तिन्ही मी एकाच ट्रॅक्टरवर वापरून पाहिलेत.

दिसायला पावडर कोटिंगच सगळ्यांत देखणं, यात वाद नाही. ओघळ नाहीत, ब्रशच्या रेघा नाहीत. भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला पावडर वितळून एकसंध थर होतो आणि चाक निवलं की लगेच टायर चढवता येतो. मागची दोन चाकं मी आधी तशीच करून घेतली होती. टायर, व्हॉल्व्ह, बुश सगळं उतरवावं लागतं, आणि ग्रीसचा अंश कुठे राहिला असेल तर तो भट्टीत बाहेर येऊन रंगाला फोड आणतो, एवढी काळजी घेतली की बाकी काम कारागिराचं.

दोन वर्षं काहीच तक्रार नव्हती. मग एका चाकाचं पंक्चर काढताना टामीनं कडेचा नखाएवढा टवका उडाला. एवढ्यानं काय होतंय म्हणून मी तो तसाच सोडला. पुढच्या वर्षी नळीखाली चाक धुताना त्याच जागेपासून तळहाताएवढा पापुद्रा सुटून हातात आला, आणि खाली सगळं गंजलेलं. पावडरचा थर अखंड असतो तोवर फार चांगला. पण एकदा त्याच्या तुटक्या कडेतून पाणी शिरलं की ते थराखालून सरकत राहतं, आणि वरचा रंग चकचकीतच असल्यामुळे आपल्याला पत्ता लागत नाही.

टवका उडाला त्याच दिवशी मी काहीतरी लावायला हवं होतं, हे खरं. पण लावायचं काय? नखाएवढ्या जागेसाठी चाक पुन्हा भट्टीत जात नाही. ब्रशनं दुसरा रंग लावावा, तर त्या गुळगुळीत थरावर तो घासल्याशिवाय धरत नाही आणि धरला तरी ठिगळ दिसतं. सगळं काढून नव्यानं करावं म्हटलं तर जुनी पावडर इतकी चिवट असते, की पॉलिश पेपर घासण्याआधीच भरून जातो. त्या एका टवक्यानं माझं मत बदललं. तेव्हापासून कुठलाही रंग पाहिला की तो किती कठीण आहे हे मी नंतर बघतो. टवका उडाल्यावर त्याच संध्याकाळी मला तो बुजवता येईल का, हे आधी बघतो.

पुढची चाकं पीयूनं केली होती, खाली इपॉक्सी प्रायमर. कठीणपणा, चकाकी आणि पेट्रोल सोसण्याची ताकद यांत माझ्या अनुभवात तरी पीयूच पुढे. पेट्रोल सांडलं, फडक्यानं पुसलं, डाग नाही. उन्हातही चकाकी इतरांपेक्षा बरीच टिकली. तुमच्याकडे कॉम्प्रेसर, गन आणि फवारणीचा सराव असेल तर मी तुम्हाला यापासून परावृत्त करणार नाही.

मात्र पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात, ही बाब हलक्यानं घेऊ नका. ते श्वासावाटे गेले तर दमा जडू शकतो, आणि शरीराला एकदा त्याची अ‍ॅलर्जी बसली की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही त्रास होतो. धुळीचा मास्क इथे काहीच कामाचा नाही. फवारणी करायची तर बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटाच हवा. दुसरी अडचण त्या मानानं लहान, पण माझ्यासाठी निर्णायक. हार्डनरचा उघडलेला डबा हवेतली ओल ओढून घेतो. सहा-आठ महिन्यांनी एका टवक्यासाठी झाकण उघडलं, तर आत जेली झालेली. म्हणजे थेंबभर रंगासाठी नवा हार्डनर आणा, प्रमाण मोजा, हातमोजे चढवा. मग आपण ‘करू पुढच्या रविवारी’ म्हणतो आणि गंज काही रविवारची वाट बघत नाही.

पापुद्रा सुटलेली मागची चाकं शेवटी सँड ब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं जुना रंग आणि गंज काढून आणली. उघडं लोखंड दमट हवेत काही तासांतच तांबूस पडतं, म्हणून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारला आणि त्यावर साध्या ऑइलपेंटचे दोन पातळ हात दिले. कडेला ब्रश, मधल्या भागाला छोटा फोमचा रोलर. चाक आडवं ठेवलं तर ऑइलपेंट स्वतःच बराच समतल होतो, रेघा फारशा राहत नाहीत. प्रायमर लावून बरेच दिवस झाले असतील तर आधी हलकं घासून घ्या, नाहीतर वरचा हात नीट धरत नाही. आणि रिम गॅल्व्हनाइज्ड असेल तर थेट त्या जस्तावर ऑइलपेंट लावू नका, त्याचे पोपडे निघतात.

याचा दोष एकच, पण मोठा: सबुरी लागते. ऑइलपेंट हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतो. हाताला चिकटायचं थांबतं दुसऱ्या दिवशी, पण थर आतपर्यंत घट्ट व्हायला आठवडे लागतात. पहिल्या चाकावर मी चौथ्याच दिवशी टायर चढवला. नंतर व्हॉल्व्हसाठी तो उतरवावा लागला, तेव्हा कडेचा रंग रबराला चिकटून सोलला गेला. दुसरं चाक तीन आठवडे कोरड्या जागी नुसतं टेकवून ठेवलं, आणि त्याची कड अजून शाबूत आहे. लवकर कडक व्हावा म्हणून ऑइलपेंटमध्ये घालायचं हार्डनरही मिळतं, पण त्यातही बहुधा आयसोसायनेटच असतात, मग मुखवट्याचा प्रश्न पुन्हा आलाच. पहिले काही आठवडे रंगाला पेट्रोलपासून जपावं लागतं, आणि उन्हात हा रंग पीयूच्या आधी फिका पडतो, हेही सांगायला हवं.

तरी या रंगाचा डबा शेडमध्ये हाताशी असतो. गेल्या महिन्यात खडीवर कडेचा टवका उडाला. पॉलिश पेपरनं कड उतरती केली, थिनरनं पुसलं, प्रायमरचा ठिपका दिला, दुसऱ्या दिवशी बारीक ब्रशनं रंग. बाजूचा रंग तोच असल्यामुळे जागा शोधावी लागते.

चाकं नवी असतील, टायर आधीच उतरलेले असतील आणि पंक्चरची फार भीती नसेल, तर पावडर कोटिंग घेणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. जुन्या, राबणाऱ्या चाकांना मात्र मी तरी इपॉक्सीवर ऑइलपेंटच देईन.

काहीही लावा, पण चाक हबला जिथे टेकतं ती जागा आणि नटांच्या बैठका झाकून ठेवा. तिथला जाड थर दाबाखाली चेपतो आणि नट सैल पडतात. माझे पावडरवाल्या चाकांचे पडले होते. चाक बसवल्यावर तासभर काम करा आणि पान्हा पुन्हा एकदा फिरवून बघा.